मीटेनच्या पायथ्याशी, चाकूच्या गावात

शनिवार : झुरिक ते ब्रुनेन

स्वित्झर्लंडला बहुतेक लोक बर्फासाठी जातात. दादा आणि मी गेलो ते इबाखसाठी. श्वित्स प्रांतातलं, मुओटा नदीकाठचं हे लहानसं गाव. जगभर 'स्विस आर्मी नाइफ' म्हणून ओळखला जाणारा लाल चाकू तिथे बनतो. माझ्याकडे तो कॉलेजपासून आहे. व्हिक्टोरिनॉक्सचं हंट्समन मॉडेल, मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांब, वजन ९७ ग्रॅम. दोन पाती, कात्री, लाकडाची करवत, आरी, दोन ओपनर आणि त्यांच्याच टोकांना पेचकस, कॉर्कस्क्रू, पाठीला हूक, मुठीत चिमटा नि दातकोरणं. दादाचा पंथ वेगळा. त्याच्या कमरेला लेदरमनचं वेव्ह असतं, उलगडलं की पक्कड होणारं. वजनाला माझ्या चाकूच्या दुपटीहून जास्त.

विमानात दोन्ही हत्यारं मोज्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत गेली. युरोपातल्या विमानतळांवर ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं केबिनमध्ये नेता येत नाही आणि माझ्या चाकूचं मोठं पातं ७ सेंटिमीटरच्या आसपास आहे. त्याहून छोटा चाकू असला तरी मी तो हातातल्या बॅगेत ठेवत नाही. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर तिथली तपासणी पुन्हा होते आणि तिथला नियम वेगळा निघू शकतो.

जमिनीवरचे कायदे मी प्रवास आखतानाच वाचून ठेवले होते. प्रत्येक चाकूवाल्याने हे करावं असं मला मनापासून वाटतं. स्वित्झर्लंडच्या शस्त्र कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सैन्याचा खिशातला चाकू, स्विस पॉकेट नाइफ आणि तशाच वस्तू शस्त्रं मानल्या जात नाहीत. शेजारच्या जर्मनीत मात्र एका हाताने उघडणारं आणि उघडल्यावर लॉक होणारं पातं सबळ कारणाशिवाय बाळगता येत नाही. दादाचं वेव्ह नेमकं तसंच आहे. ब्रिटनमध्ये लॉक नसलेलं, घडी होणारं, ३ इंचांपर्यंतचं पातं चालतं, म्हणजे माझं चालेल, त्याचं नाही. परतताना जर्मनीतून रेल्वेने जायचा दादाचा विचार होता, तो त्याने हे वाचल्यावर स्वतःच सोडून दिला.

आर्ट-गोल्डाऊला गाडी बदलली. थोड्याच वेळात डावीकडे मीटेनची दोन शिखरं दिसू लागली, थोरलं आणि धाकटं, श्वित्स गावाच्या थेट डोक्यावर. ब्रुनेनला उतरलो तेव्हा सरोवरावर ऊन होतं. खोलीत बॅग उघडल्यावर आधी चाकू खिशात गेला, मग बाकीचं सामान लावलं.

रविवार : ब्रुनेन

स्टेशनच्या रस्त्यावरच चाकूंचं छोटं संग्रहालय आहे. मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती १८९० सालच्या सैनिकी चाकूपाशी. गडद ओकची मूठ, एक पातं, एक आरी, डबे उघडायचं साधन आणि पेचकस. एवढंच. पेचकस होता तो सैन्याने नुकत्याच घेतलेल्या श्मिट-रुबिन रायफलीचे भाग सुटे करायला, आणि ओपनर होता तो सैनिकांचा शिधा डबाबंद यायला लागला होता म्हणून. शत्रूला मारण्यासाठी यात काहीच नाही. शिपायाला दिवसभरात जी कामं पडतात त्यांची ही जुळणी.

पहिली खेप जर्मनीत, झोलिंगेनला बनली, कारण एवढे चाकू एका दमात काढेल असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा नव्हता. इबाखला १८८४ मध्ये चाकू-सुऱ्यांची कार्यशाळा काढलेल्या कार्ल एल्सनर यांना ही गोष्ट लागली. त्यांनी देशातले कारागीर एकत्र आणले आणि १८९१ मध्ये सैन्याला स्विस बनावटीचे चाकू दिले. पण जर्मन कारखाने तोच माल स्वस्तात देत होते. सोबतचे कारागीर एकेक करून गळाले, एल्सनर कर्जात बुडाले, नातलगांनी हात दिला म्हणून तगले. आणि त्यानंतर त्यांनी जे केलं, त्यामुळे आज माझ्या खिशात हा चाकू आहे. सैनिकी चाकू त्यांना जड आणि धोपट वाटत होता. अधिकाऱ्यांसाठी त्यांनी हलका, सुबक चाकू केला, त्यात दुसरं छोटं पातं आणि कॉर्कस्क्रू घातला आणि १२ जून १८९७ रोजी त्याची नोंदणी केली. हा चाकू सैन्याने कधी सरकारी सामान म्हणून वाटला नाही. अधिकारी तो दुकानातून, पदरच्या पैशाने घेत.

या चाकूत सहा हत्यारं आहेत आणि स्प्रिंगा फक्त दोन. सगळी मेख इथे आहे. घडीच्या चाकूत पाठीला पोलादाची एक पट्टी असते. तीच स्प्रिंग. ती पात्याच्या बुडावर दाबत राहते, म्हणून पातं मिटलेलं असताना मिटलेलं राहतं आणि उघडल्यावर उघडं. एल्सनर यांनी एकाच पट्टीचा जोर पोटाकडच्या आणि पाठीकडच्या, दोन्ही बाजूंच्या हत्यारांना पुरवला. वजन आणि जाडी न वाढवता हत्यारं वाढवता आली ती त्यामुळे.

सरोवरकाठच्या बाकावर बसून मी हे माझ्या चाकूवर दादाला दाखवलं. मोठं पातं नखाने हळूहळू उचलायचं. अर्ध्यावर आलं की पाठीची पट्टी मुठीच्या रेषेतून केसभर वर येते. अंगठ्याने ती स्पष्ट कळते. पातं पूर्ण उघडलं की पट्टी पुन्हा आपल्या जागी बसते आणि "टक" असा कोरडा आवाज येतो. माझ्या मते चाकूची तब्येत कळते ती या आवाजावरून. पात्याला धार आहे की नाही हे कागदावर पाहता येतं, धार लावूनही घेता येते. पण सांध्यात माती गेली असेल तर आवाज दबतो, पातं सुस्त होतं, आणि तसंच वापरत राहिलं तर पट्टी आणि पात्याचं बूड एकमेकांना खरवडत राहतात. लोक धारेची काळजी करतात आणि सांधा विसरतात.

दादा म्हणाला, "अगं, पण माझ्यात पाती लॉक होतात, तुझ्यात नुसता स्प्रिंगचा जोर."

खरं आहे. म्हणूनच माझ्या चाकूने टोक खुपसायची कामं करत नाही, कापायची करते. जोर नेहमी पातं उघडण्याच्या दिशेने पडेल असं धरते. लॉक नसलेल्या चाकूने ही सवय हाताला लागते आणि ती लॉकवाल्या चाकूलाही उपयोगी पडते, कारण लॉक घाण साचल्यावर सुटू शकतं.

सोमवार : इबाख

ब्रुनेनहून इबाखला बस आहे, पण आम्ही चालत गेलो. सपाट वाट, शेतं, आणि समोर सतत मीटेन. एल्सनर यांच्या कार्यशाळेचीच पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाली. तिच्या कारखान्याची इमारत भलीमोठी आहे, गावाच्या मानाने तर फारच. आत उत्पादन बघायला सोडत नाहीत हे आधीच माहीत होतं. दुकान मात्र खुलं आहे.

बाहेरच्या भिंतीकडे बघत उभं राहण्यातही मला समाधान होतं. १९३१ मध्ये ब्राउन बोव्हेरी कंपनीने इथे पोलाद कडक करायची पूर्णपणे विजेवर चालणारी भट्टी बसवली. त्याआधी धातूचा रंग बघून पाणी द्यायचं काम कारागिराच्या नजरेवर चाले. तापमान हातात आल्यावर प्रत्येक हत्याराला त्याच्या कामाप्रमाणे कडकपणा देणं सोपं झालं. आजच्या चाकूत पाती रॉकवेल मापावर ५६, करवत, कात्री आणि कानस ५३, ओपनर, पेचकस आणि आरी ५२, आणि स्प्रिंगा व कॉर्कस्क्रू ४९ इतके कडक असतात. हा उतरता क्रम मला फार आवडतो. पात्याला धार धरायची असते म्हणून ते सगळ्यात कडक. पेचकसाला पीळ सोसायचा असतो, तो फार कडक केला तर टोक तुटेल. स्प्रिंगला आयुष्यभर वाकून परत यायचंय, म्हणून ती सगळ्यात मऊ. म्हणूनच पात्याचा वापर पेचकस किंवा पहार म्हणून केला की टोक मोडतं. पेचकस शेजारीच असताना लोक पात्यानेच स्क्रू फिरवतात, ते बघवत नाही.

कारखान्याच्या इतिहासातला २००१ चा काळ मला इथे आठवला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर विमानात चाकू बंद झाले, विमानतळांवरच्या दुकानांतली विक्री कोसळली. कंपनीने त्या मंदीत माणसं काढली नाहीत. काही कामगार काही काळ आसपासच्या दुसऱ्या कंपन्यांकडे कामाला पाठवले आणि वेळ निभावून नेली. मला या लाल मुठीबद्दल जी आपुलकी वाटते त्यात याचाही वाटा आहे.

दुकानात दादाला जुन्या वेंगरबद्दल विचारायचं होतं, त्याच्या कपाटात एक पडून आहे. सैन्याला चाकू पुरवायचं काम १९०८ पासून दोन कंपन्यांत निम्मं-निम्मं वाटलेलं होतं. श्वित्समधली व्हिक्टोरिनॉक्स आणि ज्यूरा भागातल्या दलेमोंची वेंगर. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि पुढे वेंगर नावाचे चाकू थांबले. दोन्ही ओळखायची एक सोपी खूण म्हणजे ओपनर. व्हिक्टोरिनॉक्सचा डब्याच्या काठाने पुढे पुढे कापत जातो, वेंगरचा मागे मागे. ज्याला एकाची सवय त्याला दुसरा उलटा वाटतो.

काउंटरवरच्या बाईंनी माझा चाकू मागून घेतला, एकेक हत्यार उघडून मिटलं आणि प्रत्येक वेळी कान दिला. कात्रीला त्या थांबल्या. "इथे कापसाचा धागा आहे," म्हणाल्या, आणि खरंच होता, खिशातला, सांध्याला गुंडाळलेला. चिमट्याने ओढून काढला. मग त्यांनी विचारलं, तेल कुठे घालता? मी म्हटलं, सांध्यात, थेंबभर. त्या नुसत्या हसल्या आणि चाकू परत दिला. मला त्याचा केवढा आनंद झाला ते सांगता येणार नाही.

मंगळवार : श्वित्स, आणि पाऊस

सकाळी श्वित्सला जाऊन १२९१ ची सनद जपलेलं संग्रहालय पाहिलं. कातड्याचा एवढासा तुकडा, त्यावर देशाची सुरुवात मानतात. दुपारी पाऊस लागला तो थांबेचना. खोलीवर परतून चाकू धुवायला घेतला.

आधी चिमटा आणि दातकोरणं काढून बाजूला ठेवायची. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून सगळी हत्यारं अर्धवट उघडून चाकू बुडवायचा आणि पाण्यातच एकेक उघडत-मिटत राहायचं. दहा-बारा वेळा केलं की काळपट धूर निघावा तशी घाण पाण्यात उतरते. खिशातलं कापसाचं पीठ, फळांचा साखरट रस, वाळू. उरलेलं जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायचं, सांध्याच्या फटीत लाकडी काडी फिरवायची, सुई नको. वाहत्या पाण्याखाली धरून शेवटचं साबण घालवायचं. मग झटकून, पुसून, सगळी हत्यारं उघडी ठेवून वाळवायचं. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय तेल घालू नये, नाहीतर आत राहिलेलं पाणी तेलाखाली अडकतं. स्टेनलेस म्हणजे गंज न येणारं असं लोक समजतात. गंज उशिरा येतो, एवढंच. समुद्रकाठच्या हवेत तर सांध्यात ठिपके पडतातच.

तेल पॅराफिनचं, औषधी दर्जाचं, कारण याच पात्याने आपण खातो ते कापतो. स्वयंपाकाचं तेल वापरू नये. ते काही दिवसांत चिकट होतं आणि धूळ धरतं. पातं मिटताना जिथे पट्टीला घासतं तिथे एक थेंब, दोन-चारदा उघड-मीट, आणि बाहेर आलेलं पुसून टाकायचं. भांडी धुवायच्या यंत्रात चाकू कधीही टाकू नये. उष्णतेने आणि कडक साबणाने लाल मुठीचा प्लॅस्टिकचा जीव जातो. नेलपॉलिश पुसायचं द्रव्यही मुठीला लावू नये, पृष्ठभाग विरघळतो.

दादा हे सगळं बघत होता. त्याच्या वेव्हची पक्कड उघडताना करकरत होती. त्यानेही तेच केलं. पकडीच्या मुख्य सांध्यातून जे निघालं ते बघून तो बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या पाण्याला ती एका हाताने, नुसत्या झटक्याने उघडायला लागली.

धार लावायला मी लहान दगड बरोबर ठेवते. या चाकूंचं पोलाद क्रोम आणि मॉलिब्डेनम असलेलं, महागड्या चाकूंच्या मानाने मऊ. शौकीन लोक त्याला नावं ठेवतात की धार लवकर जाते. जाते. पण पाच मिनिटांत परतही येते, कुठल्याही दगडावर, आणि प्रवासात मला हेच हवं असतं. दगड नसला तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाला न चकाकणारी खरखरीत कड असते, तीही चालते. पातं दगडाशी १५ ते २० अंशांत तिरपं धरायचं आणि दगडावरून पातळ काप काढतोय अशा बेताने पुढे न्यायचं. एका बाजूला इतके वेळा, की दुसऱ्या बाजूच्या काठावर नखाला बारीक खरखर लागली पाहिजे. ती लागली म्हणजे काठापर्यंत पोहोचलो. मग बाजू बदलायची, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने आळीपाळीने दोन्हीकडून. जोर करायचा नाही. कोन सांभाळला की धार येते. कात्रीला मात्र मी दगड लावत नाही, तिची दोन पाती एकमेकांना जिथे भिडतात ती जागा बिघडली की कात्री गेली.

बुधवार : थोरला मीटेन

पाऊस रात्रीच सरला होता. रिकेनबाखहून केबल कारने रोटेनफ्लूला गेलो, तिथून होल्त्सएगपर्यंत उतरत-चढत पायवाट. होल्त्सएग १४०५ मीटरवर, शिखर १८९८ मीटरवर, आणि मधे कड्याच्या अंगावरून वळणावळणाची वाट, १८६४ मध्ये खुली झालेली. अवघड जागी साखळ्या लावल्यात.

होल्त्सएगला दादाच्या पाठपिशवीचा खांद्याचा पट्टा शिवणीतून निम्मा सुटला. अशा पिशवीने साखळीच्या वाटेवर जाणं नको होतं. मी आरी काढली. या आरीला टोकाजवळ भोक असतं, सुईसारखं. दोरा मेणलेला, जाड, मी तो चाकूच्या पाकिटातच ठेवते.

आरीची एक कड धारदार असते, त्यामुळे पट्ट्यावर ती फिरवायची नाही, फिरवली तर विणीचे धागे कापले जातात. सरळ दाबून आरपार घालायची. दोरा भोकातून ओवलेला असतो, पलीकडे निघालेलं टोक शिवणीच्या लांबीच्या दीडपट ओढून घ्यायचं आणि आरी मागे काढायची. बोटभर पुढे दुसरं भोक. आरी आत गेली की थोडीशी मागे घ्यायची, तेवढ्यात पलीकडे दोऱ्याचा लहान फास तयार होतो. मघाचं मोकळं टोक त्या फासातून घालायचं आणि दोन्हीकडून ओढायचं. शिलाई मशीनचा टाका पडतो तो असाच. आरी लॉक होत नाही, म्हणून बोटं तिच्या मिटण्याच्या वाटेत नाहीत हे प्रत्येक टाक्याला बघत होते. जाड बकलाजवळ मला रेटा पुरेना, तेव्हा दादाने वेव्हच्या पकडीत आरीचं टोक पकडून पलीकडून ओढलं. टाके तिरकस आले, पण पट्टा हलेना.

वर चढताना दादाने लेदरमनची गोष्ट सांगितली. १९७५ मध्ये टिम लेदरमन आणि त्यांची पत्नी जुन्या फियाटने युरोप फिरत होते. गाडी सारखी बंद पडायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे, आणि खिशातल्या चाकूत पक्कड नव्हती. त्यावर त्यांनी काही वर्षं घालवली आणि १९८३ मध्ये पहिलं पक्कडवालं हत्यार बाजारात आलं. "म्हणजे तुझ्या चाकूत जे नव्हतं ते माझ्यात आलं," दादा म्हणाला. मला ते पटलं. रोज अंगावर बाळगायला मी ९७ ग्रॅमचाच चाकू निवडेन, कारण जड वस्तू चार दिवसांनी खोलीवर राहते आणि गरज पडते तेव्हा हाताशी नसते. पण दोघं बरोबर निघालो असू तर एकाकडे पक्कड असावीच.

शिखरावर वारा होता. खाली श्वित्स, त्याच्या कडेला इबाखची छपरं, पलीकडे सरोवर. ब्रेड आणि चीज कापलं, पातं तिथेच फडक्याने पुसलं. चीजची चरबी सांध्यात उतरली की काढायला त्रास होतो, म्हणून खाणं कापताना मी बुडाकडचा भाग वापरत नाही.

गुरुवार : पुन्हा दुकानात

निघायच्या दिवशी पुन्हा इबाखला गेलो, दादाच्या मुलीसाठी चाकू घ्यायला. मांडणीत स्विसचॅम्प होता. ३३ कामांचा, १८५ ग्रॅमचा. हातात घेऊन बघितला, बनावट अप्रतिम, पण मुठीत मावता मावत नाही. नवा सैनिकी चाकूही होता, २००८ पासूनचा, हिरव्या-काळ्या मुठीचा, १११ मिलिमीटरचा. एका हाताने उघडतो आणि लॉक होतो, म्हणजे जर्मनीत तोही वेव्हच्याच यादीत.

शेवटी गोल टोकाचं एकच पातं असलेला मुलांचा छोटा चाकू घेतला. दादाचं म्हणणं, अजून वर्षभर कपाटात ठेवू. मी म्हटलं, नको, कपाटात ठेवून शिकता येत नाही. पहिले काही दिवस ती तो फक्त उघडेल आणि मिटेल, तेही आपल्यासमोर बसून. मिटताना पात्याच्या पाठीला तळहाताने दाबायचं आणि मुठीची बोटं खाचेपासून लांब ठेवायची. कापताना बसलेलं असायचं, धार अंगापासून दूर, आणि हात लांब केल्यावर पोहोचेल त्या घेरात दुसरं कोणी नको. चाकू दुसऱ्याला द्यायचा तो मिटूनच. एवढं बसलं की मऊ लाकडाची काडी तासायला द्यायची.

दादाने थोडा विचार केला आणि काउंटरवर जाऊन तेलाची छोटी बाटलीही घेतली. दोन घेतल्या. एक मुलीच्या चाकूबरोबर, एक स्वतःच्या पकडीसाठी.